रसग्रहणाचा साचा

विद्यार्थ्यांस चार ओळी धड लिहिता येत नाहीत, ही तक्रार आता इतकी जुनी झाली आहे की ती करणाराही उत्तराची वाट पाहत नाही. मुले वाचीत नाहीत, त्यांच्या हाती नाही नाही ती यंत्रे आली, घरी कोणी पुस्तक उघडीत नाही, खेड्यातील मुलांची भाषाच अशुद्ध, अशी कारणेही ठरून गेली आहेत. या कारणांत मुळीच तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु साहित्यकृतीवरील औपचारिक लेखन, ज्यास शाळेत रसग्रहण असे भारदस्त नाव आहे, ते आज जे निर्जीव झाले आहे त्याचे खापर मुलांच्या माथी फोडण्यापूर्वी, ते त्यांस शिकविले कसे जाते हे पाहणे न्यायाचे होईल. आमचे म्हणणे असे की, मुलांस हे लेखन जमत नाही ही समजूत खोटी आहे. आपण त्यांस कविता न वाचता तिच्यावर लिहिण्यास शिकवीत आहो, आणि ती हे हुबेहूब शिकली आहेत.

२०१८ साली दहावीचे मराठीचे नवे पाठ्यपुस्तक आले व त्यावरील पहिली परीक्षा २०१९ च्या मार्चमध्ये झाली. तिच्या कृतिपत्रिकेत दिलेल्या काव्यपंक्तींचे रसग्रहण करा, असा चार गुणांचा प्रश्न आला. घोकंपट्टी कमी व्हावी, मुलाने स्वतःचे काही बोलावे, हा त्यामागील हेतू स्तुत्यच होता. मुलास दिशा कळावी म्हणून आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य व भाषिक वैशिष्ट्ये असे तीन मुद्देही सांगितले गेले. पुढे जे व्हायचे तेच झाले. मार्गदर्शिका निघाल्या, शिकवणीवर्गांनी प्रत्येक मुद्द्याखाली तीन-तीन वाक्ये बसवून दिली, आणि दिशा दाखविण्यासाठी रोवलेल्या खुंट्यांचे पाहता पाहता कुंपण झाले. त्यातही तीनपैकी दोन मुद्द्यांच्या नावांतच ‘सौंदर्य’ हा शब्द बसलेला आहे, इकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. कविता सुंदर आहे हा निकाल आधीच लागला. मुलाने फक्त त्याची कारणे जुळवून द्यायची. चौकशी मागाहून आणि निकाल आधी, असा कारभार एखाद्या कचेरीत चालला तर आपण त्यास काय म्हणू, हे वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही.

इंदापूर तालुक्यातील शेळगाव हे आमच्या परिचयाचे गाव. एका अंगास कालव्याच्या पाण्यावरचा ऊस, दुसऱ्या अंगास कडबनवाडीकडे पसरत गेलेले कोरडे गवताळ माळ. आषाढवारीत तुकोबांची पालखी अंथुर्ण्याहून निमगाव केतकीस निघाली म्हणजे शेळगाव फाट्यावरून पुढे जाते. तेथील दहावीस बसलेल्या काही मुलांच्या वह्या पाहण्याचा योग आम्हांस मध्यंतरी आला. एका वहीत झाडावरील कवितेचे रसग्रहण होते, दुसऱ्या वहीत संतांच्या अभंगाचे, तिसऱ्या वहीत शहरातील कष्टकऱ्यांविषयीच्या कवितेचे. कविता तीन, लिहिणारे हात तीन, आणि उत्तर एकच. ते उत्तर थोडक्यात असे: प्रस्तुत कवितेतून कवीने अमुक विचार अत्यंत प्रभावीपणे मांडला आहे, कवितेची भाषा साधी, सोपी व ओघवती आहे, समर्पक शब्दयोजनेमुळे कविता मनाला भिडते, कवीने दिलेला संदेश प्रत्येकाने आचरणात आणण्यासारखा आहे. ‘अमुक’ या जागी झाड, भक्ती अथवा श्रम यांपैकी जो असेल तो शब्द घालावा की काम झाले. ज्या अभंगाखाली ‘भाषा साधी, सोपी’ असे लिहिले होते, त्याच अभंगातील पाच-सहा शब्दांचे अर्थ त्या मुलाने पुस्तकाच्या कडेस पेन्सिलीने उतरून घेतले होते. म्हणजे भाषा सोपी नाही हे त्यास पक्के ठाऊक होते. पण ते उत्तरात लिहायचे नसते, हेही त्यास तितकेच पक्के ठाऊक होते.

याहून अधिक खेद आम्हांस दुसऱ्याच एका गोष्टीचा झाला. झाडावरच्या त्या कवितेचा आशय असा की, झाड सर्वांस सर्व काही देते व कोणाकडे काही मागत नाही. त्या ओळीशेजारी एका मुलीने बारीक अक्षरात लिहिले होते, ‘पण पाणी कोणी घातलं?’ त्या खाली तांबड्या शाईने एकच शब्द होता: ‘अवांतर’. ज्या तालुक्यात कालव्याच्या पाळीवरून भाऊभाऊ बोलेनासे होतात, तेथील शेतकऱ्याच्या मुलीने त्या वहीतील एकमेव खरा वाङ्मयीन प्रश्न विचारला होता. कवीने झाडाला उदार ठरविताना काय दृष्टीआड केले, असा त्या प्रश्नाचा अर्थ आहे. तिच्या उत्तरात या प्रश्नाचा मागमूसही नव्हता. तेथे झाडाचा परोपकार अत्यंत प्रभावीपणे मांडलेला होता आणि तिला चारांपैकी तीन गुण मिळाले होते.

अशा वाक्यांची परीक्षा करण्याची एक सोपी रीत आहे. वाक्य उचलून दुसऱ्या कवितेखाली ठेवावे. तेथेही ते बिनतक्रार बसले, तर ते पहिल्या कवितेविषयी नव्हतेच असे समजावे. या कसोटीस लावता शालेय रसग्रहणांतील बहुतेक वाक्ये बेघर ठरतात. ‘ओघवती’ म्हणजे काय? ओघ कोठून कोठे जातो, मध्ये कोठे अडतो, आणि अडला तर ते कवीचे न्यून की कसब? ‘समर्पक’ हा शब्द तर समर्पकपणे कधीच योजिलेला आढळत नाही. ‘मनाला भिडते’ याविषयी न बोललेलेच बरे. गायनापासून भाषणापर्यंत जे जे होते ते सर्व मनाला भिडतच असते, आणि भिडल्यावर मनाचे पुढे काय झाले याचा पत्ता लागत नाही. आणि सर्वांत घातक तो ‘संदेश’. कविता म्हणजे उपदेशाला चढविलेला गोड मुलामा, आणि वाचणे म्हणजे तो मुलामा खरवडून आतली गोळी गिळणे, ही समजूत या एका शब्दाने लहान वयात अशी पक्की होते की पुढे पदवीपर्यंत ती निघत नाही.

कोणी म्हणेल, शाळकरी पोरांकडून तुम्ही समीक्षेची अपेक्षा करता काय? रसग्रहण म्हणजे रस घेणे. दोष काढणे हे पंडितांचे काम. या आक्षेपकांनी रसाचे नाव घेण्यापूर्वी रसशास्त्र उघडून पाहावे. मम्मटाच्या काव्यप्रकाशातील सातवा उल्लास संपूर्ण दोषविचारालाच वाहिलेला आहे, आणि त्यात कालिदासासारख्याचीही गय केलेली नाही. ज्या परंपरेचा वारसा आपण नावापुरता सांगतो, तिने रस आणि दोष ही दोन्ही एकाच वाचनाची फळे मानली. शाळेने त्यांतील एक ठेवले, दुसरे टाकून दिले, आणि म्हणून पहिलेही तिच्या हाती राहिले नाही. काही नापसंत करण्याची ज्यास मुभा नाही, त्याच्या पसंतीला किंमत ती काय?

बरे, संस्कृत दूरचे वाटत असेल तर शेळगावकरांस फार लांब जाण्याचे कारण नाही. शेजारचा तालुका बारामतीचा. तेथे मोरोपंतांनी आपल्या आयुष्याचा मोठा भाग काव्यरचनेत घालविला व १७९४ साली तेथेच देह ठेविला. त्यांच्या केकावलीवर दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी ‘यशोदापांडुरंगी’ ही टीका १८६५ साली प्रसिद्ध केली. आधुनिक मराठी समीक्षेचा आरंभ पुष्कळ अभ्यासक या ग्रंथापासून धरतात. केकावलीतील एक श्लोक तर पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून प्रार्थना म्हणून म्हटला जात आहे; पण दादोबांनी त्या काव्यापुढे नुसते हात जोडले नाहीत, त्याच्या गुणदोषांची चर्चा केली. पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ ते १८८१ या काळात चाललेल्या निबंधमालेत मोरोपंतांच्या कवितेवर विस्ताराने लिहिले व आक्षेपकांशी वाद घातला. तात्पर्य, मराठीत साहित्याविषयी विचारपूर्वक लिहिण्याची जी रीत पडली, ती बारामतीच्या एका कवीविषयीच्या मतभेदातून बळावली. त्याच परिसरातील मुलास आज कवितेविषयी मतभेदच होऊ शकत नाही असे शिकविले जावे, यापरते दुर्दैव कोणते?

नुसता निषेध करून थांबणे आम्हांस बरे वाटत नाही. म्हणून केकावलीचेच उदाहरण घेऊ, आणि तेही सबंध काव्याचे नव्हे, केवळ नावाचे. केका म्हणजे मोराची हाक व आवली म्हणजे ओळ, एवढे दोन अर्थ शिक्षकाने सांगावेत आणि गप्प बसावे. मग दहावीतील मूल बऱ्यापैकी औपचारिक मराठीत पुढीलप्रमाणे लिहू शकेल, अशी आमची खात्री आहे:

‘या काव्याच्या नावाचा अर्थ मोराच्या हाकांची ओळ असा आहे. कवीचे नाव मोरोपंत असल्यामुळे मोर म्हणजे स्वतः कवी आणि ढग म्हणजे देव, हे उघड आहे. परंतु पावसाची वाट पाहणारा म्हणून काव्यात चातकही प्रसिद्ध आहे. चातक तहानेने व्याकुळ असतो. मोर मात्र आभाळ भरून आले म्हणजे ओरडतो. म्हणून ही हाक निराश माणसाची वाटत नाही. ज्याला ढग दिसला आहे, पण ज्याच्यावर तो अजून बरसलेला नाही, अशा माणसाची ती वाटते. शिवाय मोराचा आवाज गोड नसतो. कवीने आपल्या काव्याला कोकिळेचे नाव दिले नाही, यावरून आपली विनवणी गोड लागण्यापेक्षा ती वर ऐकू जावी, अशी त्याची इच्छा असावी. मात्र श्लोक वाचताना एक शंका येते. ज्याला इतके लांब सामासिक शब्द आणि इतकी यमके जुळवायला सुचतात, तो खरोखर व्याकुळ असेल का?’

या उताऱ्यात ‘ओघवती’ नाही, ‘समर्पक’ नाही, ‘संदेश’ नाही. प्रत्येक वाक्य या एकाच काव्याचे आहे. ते उचलून दुसरीकडे ठेवता येणार नाही. विद्वान शिक्षक येथे म्हणतील की, संस्कृत कवींनी मोराच्या स्वराचे नाते षड्जाशी जोडले आहे, तेव्हा तो कर्कश म्हणणे परंपरेस धरून नाही. ठीक आहे; त्यांनी तसे अवश्य सांगावे. मग मुलास आपले एक वाक्य मागे घ्यावे लागेल, अथवा परंपरा काही म्हणो, माळावरचा मोर मी ऐकला आहे, असे कारण देऊन ते राखावे लागेल. दोहोंपैकी काहीही झाले तरी त्या वर्गात त्या दिवशी समीक्षा झाली. आणि शेवटची शंका? मोरोपंतांच्या काव्यातील कृत्रिमतेचा जो आक्षेप मोठमोठ्यांनी घेतला, त्याच्याच दारापर्यंत ते मूल स्वतःच्या पायांनी आलेले आहे. ज्या कवीने ओष्ठ्य वर्ण अजिबात न वापरता रामायण रचून दाखविले, त्याच्या बाबतीत हा आक्षेप सहज सुचावा. पण उलटही म्हणता येईल. पिसारा हा मोराने वरून चढविलेला दागिना नव्हे; ढग पाहून तो नाचतो तेव्हा पिसाऱ्यासकटच नाचतो. ज्याने जन्मभर यमकांत श्वास घेतला, त्याची व्याकुळताही यमकांतूनच बाहेर पडणार. आम्हांस स्वतःला हे दुसरे मत अधिक पटते. परंतु पहिले मत मांडणाऱ्या मुलाचे चारही गुण आम्ही त्यास देऊ.

आता साच्याचे समर्थक काय म्हणतात तेही पाहू, कारण त्यांचे म्हणणे अगदीच उडवून लावण्यासारखे नाही. ते म्हणतात, शहरातील सुशिक्षित घरचे मूल साच्यावाचून लिहील. पण ज्याच्या घरी शालेय पुस्तकापलीकडे पुस्तक नाही, त्यास हे तीन मुद्दे म्हणजे बुडत्यास काठीचा आधार आहेत. काठी काढून घ्याल तर तो कोरा कागद देईल. यात करुणा आहे हे आम्ही मान्य करतो. परंतु ही काठी विकत मिळते, हे या दयाळू मंडळींच्या ध्यानात आलेले नाही. पाठ केलेल्या वाक्यांस गुण मिळू लागले की, ज्याची वाक्ये अधिक घोटून घेतलेली त्यास गुण अधिक. आणि घोटून घेण्याची सोय शेळगावात अधिक की पुण्यात, हे काय सांगावयास पाहिजे? उलट मोर कधी ओरडतो, झाडाला पाणी कोठून येते, पाचट जाळल्यावर रानाला कसला वास येतो, या ज्ञानात शेळगावचे मूल कोणास हार जाणार नाही. साच्याने त्याच्याजवळ होते ते भांडवल बाद ठरविले आणि नव्हते ते मागितले.

आणि खेड्यातील घरात वाचनाची परंपरा नाही, हे तरी कोणी ठरविले? वारकरी कीर्तनकार एकच अभंग निरूपणास घेतो आणि दोन-दोन तास त्याच्या एकेका चरणावर बोलतो. हाच शब्द का, दुसरा का नाही, असे तो श्रोत्यांसच विचारतो. प्रमाण म्हणून दुसऱ्या अभंगाचा दाखला देतो. आणि फिरून त्याच चरणावर येतो. सप्ताहात मांडी घालून बसलेली अक्षरशत्रू आजीदेखील, ‘बुवा आज चरण सोडून भलतीकडेच गेले,’ असा शेरा मारण्यास कमी करीत नाही. विधान करावे, त्यास शब्दाचा आधार द्यावा, दाखल्याने ते बळकट करावे, याहून विद्यापीठांतील समीक्षा तरी निराळे काय करते? ज्ञानेश्वरी हीही मुळात टीकाच आहे, हे आपण पूज्यभावाच्या भरात विसरतो. ज्या मुलाने हे निरूपण गावच्या देवळात ऐकले आहे, त्यास शाळेत आल्यावर ‘कविता मनाला भिडते’ हे वाक्य शिकवावे, ही प्रगती म्हणावयाची काय?

साच्याच्या बाजूने आणखी एक कारण सांगतात ते तपासनिसांचे. लाखो उत्तरपत्रिका, थोडे दिवस, निरनिराळे परीक्षक; मुद्दे ठरलेले नसतील तर न्याय कसा होणार? याचे उत्तर एवढेच की, मुद्दे ठरवावेत, पण ते मुलाने काय म्हणावे याचे नसावेत. विधान आहे काय, त्यास दिलेल्या ओळींतील शब्दाचा आधार आहे काय, आधारावरून विधानाकडे नेणारे कारण आहे काय, आणि वाक्यरचना निर्दोष आहे काय, हे चार प्रश्न कोणत्याही परीक्षकास सारखेच विचारता येतात.

याउलट दुसरे एक मंडळ आहे, त्यासही आमचा तितकाच विरोध आहे. या मंडळींच्या मते मुलास वाटेल ते वाटेल तसे लिहू द्यावे. औपचारिक भाषा, परिच्छेदांची शिस्त, हे सारे मुलांच्या मनावरील ओझे. असे म्हणणे सोपे आहे, विशेषतः ज्यास स्वतःला ती शिस्त आयती मिळाली त्यास. १९२९ साली केंब्रिजचे अध्यापक आय. ए. रिचर्ड्स यांनी ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. तेरा कविता कवीचे नाव न सांगता त्यांनी विद्यार्थ्यांपुढे ठेविल्या व त्यांजकडून मोकळे अभिप्राय लिहून घेतले. परिणाम असा दिसला की, इंग्लंडातील निवडक विद्यार्थ्यांपैकीही पुष्कळांस कवितेचा सरळ अर्थ लागला नव्हता, आणि मनात आधीच साठविलेले ठराविक प्रतिसाद ते कवितेवर लादून मोकळे झाले होते. म्हणजे साचा काढला की आपोआप स्वतंत्र विचार उमलतो असे नाही. मनातही साचे असतातच. त्यांवर उपाय शब्दाकडे पुनःपुन्हा पाहण्याच्या सवयीचा, आणि ती सवय शिस्तीवाचून लागत नाही. औपचारिक लेखन म्हणजे जड शब्द नव्हेत. हे माझे मत आहे, ते अमुक ओळीवरून झाले आहे, आणि तुम्हांस ते पटत नसेल तर तुम्ही त्याच ओळीवर मला गाठू शकता, इतकी जबाबदारी पत्करणे म्हणजे औपचारिकता. बोलताना मूल ‘मोर वरडतो’ म्हणो. लिहिताना ‘ओरडतो’ लिहिण्यास त्यास शिकवावे, कारण त्या लेखी भाषेवर त्याचा हक्क पुण्याच्या पेठांतील मुलाइतकाच आहे. मात्र शब्दाचे रूप सुधारताना त्यातला मोर उडवून लावू नये.

मग करावे काय? प्रश्नपत्रिका काढणारांनी ‘रसग्रहण करा’ ही आज्ञा काही वर्षे बाजूस ठेवून, या ओळींतील कोणता शब्द बदलला असता कविता बिघडेल व का, किंवा कवीच्या कोणत्या विधानाशी तुम्ही सहमत नाही व का, असे प्रश्न घालून पाहावेत. शिक्षकांनी वर्षाच्या आरंभी फळ्यावर ओघवती, समर्पक, प्रभावी, भिडणारी आणि संदेश हे पाच शब्द लिहून ते दिवाळीपर्यंत वर्ज्य करावेत. तांबड्या शाईने ‘अवांतर’ लिहिण्यापूर्वी ते मुलास एकदा मोठ्याने वाचावयास सांगावे. आणि एकच उत्तर दोनदा लिहून घ्यावे; पहिल्या खेपेस मूल जे पाठ आहे ते लिहिते, दुसऱ्या खेपेस तेच पुन्हा लिहिण्याची त्याची त्यालाच लाज वाटते. यावर शिक्षक म्हणतील की, वर्गात साठ मुले आणि तासिका पस्तीस मिनिटांची, एका कवितेस यासाठी दोन तासिका जास्त आणाव्यात कोठून? कवितेचा संदेश फळ्यावर लिहून देण्यात व तो वहीत उतरवून घेण्यात ज्या दोन तासिका हल्ली खर्ची पडतात, त्यांतून आणाव्यात.